रोमन चांदीच्या नाण्यांवरचे विचित्र चेहरे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोमन नाणी जमवणारे बरेचजण यादी घेऊन बसतात: ऑगस्टसपासून पुढे प्रत्येक सम्राटाचं एक नाणं, मिळालं की टिकमार्क. हा छंद वाईट नाही, पण त्यात चेहऱ्याकडे बघायचं राहून जातं. खालची उत्तरं चेहऱ्यासाठी नाणं घेणाऱ्यांकरता आहेत. कोणाची हनुवटी का लांबली, कोणाच्या कपाळावर शिंग कुठून आलं, कोणाचे केस जरा जास्तच नीटनेटके का दिसतात, असल्या चौकशा इथे केल्या आहेत.

चेहरा ‘विचित्र’ कधी म्हणायचा?

कोरणाऱ्याचा हात कच्चा असल्यामुळे बिघडलेला चेहरा आणि मुद्दाम तसा कोरलेला चेहरा, यांतला फरक आधी नजरेला कळायला हवा. रोमची नाणी हाताने पाडली जात. खालच्या ठशावर चांदीची चकती, वर दुसरा ठसा आणि त्यावर हातोडा. एक ठसा हजारो नाणी देई आणि प्रत्येक ठसा एखादा कारागीर हाताने उलटा कोरत असे. त्यामुळे एकाच सम्राटाच्या दोन नाण्यांवर नाक थोडं वेगळं असणारच, त्यात नवल नाही. नवल वाटावं असा चेहरा म्हणजे ज्यात टांकसाळीने नेहमीची रीत सोडली आहे. डोक्यावर सिंहाचं कातडं, तोंड समोर, पाठमोरा खांदा, दोन चेहरे आमनेसामने, किंवा खुशामतीच्या ऐवजी लोंबलेले गाल.

जिवंत माणसाचा चेहरा रोमच्या नाण्यावर पहिल्यांदा कधी आला?

इ.स.पू. 44 च्या सुरुवातीला, ज्युलियस सीझरचा. त्याआधी देव, देवता आणि मेलेले पूर्वज एवढेच चालत. या नाण्यांवर सीझरची मान सुरकुतलेली आणि लांब आहे, डोक्यावर माळ आहे आणि काहींवर ‘तहहयात हुकूमशहा’ अशा अर्थाचा लेख, म्हणजे कडेने कोरलेली अक्षरं, आहे. 15 मार्चला त्याचा खून झाला. गंमत म्हणजे राजेशाहीच्या विरोधात खंजीर उपसणाऱ्या ब्रूटसनेही दोन वर्षांच्या आत स्वतःचा चेहरा नाण्यावर टाकला आणि मागे दोन खंजीर, मधे मुक्त झालेल्या गुलामाची टोपी आणि खाली खुनाची तारीख! या नाण्याचा उल्लेख कॅसियस डिओ या इतिहासकारानेही केला आहे. चांदीतली शंभरच्या आसपास नाणी उरली आहेत, सोन्यातली मोजून तीन माहीत आहेत. आपल्यासारख्यांनी त्याचा फोटो बघावा आणि पुढे जावं.

खिशाला परवडेल अशी सुरुवात कोणापासून करू?

माझं मत विचाराल तर सम्राट कॅराकॅलापासून. जन्म इ.स. 188 चा, 196 पासून नाण्यांवर, 217 साली खून. म्हणजे एकाच माणसाची वीस वर्षं चांदीत उपलब्ध आहेत. पहिल्या नाण्यांवर गुबगुबीत गालांचा, कुरळ्या केसांचा पोरगा दिसतो. मग ओठावर लव, मग कल्ले, मग आखूड दाढी. 211 च्या डिसेंबरमध्ये त्याने धाकट्या भावाला, गेटाला, आईच्या मांडीवर मारवलं. त्यानंतरच्या नाण्यांवर कपाळाला आठ्या आणि भुवयांत गाठ, जणू नाणं हातात घेणाऱ्यालाच दरडावतोय. अशी चार-पाच डिनेरियस (रोमची नेहमीची चांदीची नाणी) ओळीने ठेवली की कोणालाही समजावून सांगावं लागत नाही. शिवाय ही नाणी भरपूर सापडतात, त्यामुळे भाव आवाक्यात राहतो.

दुसरा स्वस्त आणि मजेशीर चेहरा धाकट्या फिलिपचा. सम्राट फिलिपचा हा मुलगा पाच वर्षांचा झाल्यापासून कधी हसलाच नाही, असं एका उत्तरकालीन रोमन इतिहासात लिहिलेलं आहे. नाण्यावरचा पोर खरोखरच तोंड पाडून बसलेला आहे. कथा आधीची की चेहरा बघून कथा रचली, हे ज्याचं त्याने ठरवावं.

ऑगस्टस कधीच म्हातारा का होत नाही?

कारण त्याला व्हायचं नव्हतं. इ.स. 14 मध्ये तो पंचाहत्तरी पार करून वारला, पण शेवटच्या वर्षांच्या नाण्यांवरही तरणाबांड आहे. रोमन चेहऱ्यांचं वास्तव कौतुकाने सांगणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. नाण्यावरचा चेहरा म्हणजे सरकारने मंजूर केलेला चेहरा. त्यामुळेच जिथे सरकारने सुरकुत्या मंजूर केल्या, तिथे कारण शोधावं.

नीरो याच्या नेमका उलटा. सत्तेवर आला तेव्हा, इ.स. 54 च्या नाण्यांवर, सोळा-सतरा वर्षांचा हा मुलगा आई अॅग्रिपिनाच्या समोरासमोर आहे, आणि तिचं नाव पुढच्या बाजूला तर त्याचं मागच्या. पुढच्या वर्षी दोघांचे चेहरे एकामागे एक आले आणि आई मागे गेली. मग आई नाण्यावरून गायब झाली आणि 59 साली जगातूनही. शेवटच्या वर्षांत नीरोची मान चेहऱ्याएवढी जाड झाली आहे आणि कपाळावर केसांच्या पायऱ्या पायऱ्या केल्या आहेत. या जाडेपणात त्याला लाज नसावी. सुबत्ता, चैन आणि रंगमंचावरचा नट ही त्याने स्वतःच मिरवलेली प्रतिमा होती.

इ.स. 69 ची नाणी इतकी का शोधली जातात?

एका वर्षात चार सम्राट, आणि चौघांचे चेहरे असे की नाव झाकलं तरी ओळखता येतात. सत्तरीचा गॅल्बा: बसलेले गाल, आकडी नाक. व्हिटेलियस: दुहेरी हनुवटी, बारीक डोळे. रोमन चरित्रकार सुएटोनियसने त्याच्या खादाडपणाच्या कथा रंगवून सांगितल्या आहेत आणि ठसा कोरणाऱ्याने त्यांना दुजोरा दिला आहे. व्हेस्पेशियन: टक्कल, रुंद मान, शेतावरून नुकताच आलेला वाटावा असा.

पण चौघांत माझा आवडता ऑथो. जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत, जेमतेम तीन महिने राज्य. सुएटोनियस सांगतो की त्याचे केस विरळ होते म्हणून तो केसांचा टोप घालायचा, आणि तो इतका बेमालूम बसवलेला असे की कोणाला संशय येऊ नये. आता डिनेरियस भिंगाखाली घ्या. कपाळापासून मागे समांतर लाटांच्या ओळी, एकही बट इकडची तिकडे नाही, आणि कडेला केस जिथे संपतात तिथे त्वचेपासून वेगळी उठलेली एक धार. बाकीच्यांचे केस डोक्यातून उगवलेले दिसतात, याचे ठेवलेले. टोप बेमालूम असेलही, टांकसाळीतल्या माणसाच्या नजरेतून मात्र सुटला नाही. मागच्या बाजूला ‘रोमन जनतेची सुरक्षितता’ हातात माळ घेऊन उभी असते. त्या वर्षी रोमन जनता किती सुरक्षित होती ते विचारू नका.

रोमच्या टांकसाळीने ऑथोची तांब्या-पितळेची नाणी पाडलीच नाहीत. त्यामुळे यादीवाले आणि चेहरेवाले दोघंही त्याच्या चांदीवर तुटून पडतात आणि घासून गुळगुळीत झालेलं नाणंही महाग जातं. घासलेल्या ऑथोवर पैसे घालू नयेत असं मला वाटतं. केसच दिसत नसतील तर ऑथो घेतला कशाला?

मॅक्सिमायनस थ्रॅक्सची हनुवटी नाण्यागणिक वाढते ती का?

कारण सुरुवातीला रोममधल्या कोरणाऱ्यांना तो कसा दिसतो हेच माहीत नव्हतं. 235 साली ऱ्हाईनच्या छावणीत सैनिकांनी सम्राट अलेक्झांडर सेव्हेरसला मारून याला गादीवर बसवलं, आणि तो सम्राट म्हणून रोममध्ये कधी आलाच नाही. टांकसाळीने हातात होता तो चेहरा थोडा फिरवून वापरला, म्हणून पहिली नाणी मेलेल्या अलेक्झांडरसारखी दिसतात. पुढे खरी प्रतिमा पोहोचली आणि हनुवटी पुढे यायला लागली. लेखात ‘जर्म’ ही जर्मनविजेत्याची अक्षरं आहेत ती नाणी 236 नंतरची, आणि त्यांवर हनुवटी पूर्ण ऐन भरात असते. दोन्ही प्रकार स्वस्तात मिळतात. एक आधीचं आणि एक नंतरचं, अशी जोडी घ्यावी. तो आठ फुटांहून उंच होता आणि बायकोचं कंकण अंगठ्यात अंगठी म्हणून घालायचा असं ‘हिस्टोरिया ऑगस्टा’ या सम्राटांच्या जुन्या चरित्रसंग्रहात आहे, पण त्या ग्रंथावर भरवसा ठेवून कोणी काही विकत घेऊ नये.

एलागाबालसच्या कपाळावर शिंग आहे का?

काहीतरी आहे. 218 ते 222 मध्ये राज्य केलेला हा सीरियातल्या एमेसाचा पोरसवदा पुजारी. आपल्या सूर्यदेवाचा काळा दगड त्याने रोमला आणून बसवला. शेवटच्या दोनेक वर्षांच्या डिनेरियसवर माळेच्या पुढे, कपाळाच्या वर, एक वाकडा काटा उभा दिसतो. मागच्या बाजूला तो स्वतः वेदीवर अर्घ्य देत असतो आणि लेखात स्वतःला सूर्यदेवाचा पुजारी म्हणवतो. हे शिंग आहे, पुजाऱ्याच्या पोशाखाचा भाग आहे, की वाळवलेलं बैलाचं लिंग आहे, यावर अभ्यासकांनी पानंच्या पानं लिहिली आहेत. नाणं घेताना एवढंच पाहा की काटा चकतीवर नीट उमटला आहे. त्याच प्रकारच्या काही नाण्यांवर शिंग कोरलेलंच नसतं, आणि विक्रेता ‘शिंगवाला’ म्हणून फोटोत जे दाखवतो ते कधी कधी माळेचं वर आलेलं पान असतं.

डोक्यावर काटेरी किरणं असलेलं मोठं नाणं कुठलं?

त्याला आज अँटोनिनियानस म्हणतात. कॅराकॅलाने 215 मध्ये काढलं. पुरुषाच्या डोक्यावर सूर्याचा किरणमुकुट, स्त्री असेल तर खांद्याखाली चंद्रकोर. किंमत बहुधा दोन डिनेरियसची, चांदी मात्र दीडपटच. सरकारने मारलेला डल्ला असा थेट हातात तोलता येतो.

या प्रकारातला सगळ्यात अजब संच सम्राट ट्रेजन डेसियसच्या काळातला, 250 च्या सुमाराचा. त्याने ऑगस्टसपासून अलेक्झांडर सेव्हेरसपर्यंतच्या 11 दैवत्व पावलेल्या सम्राटांचे चेहरे किरणमुकुटासह पाडले. अडीचशे वर्षांपूर्वीचा ऑगस्टस, त्याने कधी न पाहिलेल्या नाण्यावर, तिसऱ्या शतकातल्या कोरणाऱ्याच्या हातचा! व्हेस्पेशियन टकलावरून ओळखू येतो, बाकी दोघं-तिघं नाव वाचल्याशिवाय कळत नाहीत. एकेक करून जमवायला हा संच उत्तम.

समोर बघणारे चेहरे मिळतात का?

चांदीत क्वचित. सगळ्यात सुंदर उदाहरण कॅराकॅलाचा बाप सम्राट सेप्टिमियस सेव्हेरस याच्या घराण्याचं: मागच्या बाजूला मधोमध त्याची बायको ज्युलिया डोम्ना समोर तोंड करून, आणि दोन्हीकडून मुलं कॅराकॅला व गेटा तिच्याकडे बघताहेत. भोवती ‘युगाचं सौख्य’ असा लेख. दहा वर्षांत या चित्रातल्या एकाने दुसऱ्याला मारलं. समोरचा चेहरा नाण्यावर टिकत नाही हीसुद्धा एक अडचण. नाक सगळ्यांत उंच, म्हणून पहिलं तेच झिजतं.

स्त्रियांच्या नाण्यांत पाहण्यासारखं काय?

केस. सम्राट मार्कस ऑरेलियसची बायको धाकटी फॉस्टिना, तिचे अंबाडे बदलत गेले त्यावरून नाण्यांचा क्रम लावता येतो, आणि ज्युलिया डोम्नाची शिरस्त्राणासारखी केशरचना टोपाची आहे असं बरेचजण मानतात. विचित्र चेहरा हवा असेल तर मात्र क्लिओपात्रा बघा. इ.स.पू. 32 च्या डिनेरियसवर एका बाजूला मार्क अँटनी, दुसऱ्या बाजूला ती: आकडी नाक, पुढे आलेली हनुवटी, तीक्ष्ण नजर. सिनेमातली क्लिओपात्रा मनात ठेवून येणाऱ्यांची निराशा होते. तिचा चेहरा आणि अँटनीचा चेहरा एकमेकांसारखा कोरला आहे, आणि तो योगायोग नसावा.

नाणं चांदीचं म्हणतात, मग काळपट-तांबूस का?

हीण. ऑगस्टसची चांदी जवळजवळ शुद्ध. नीरोने 64 साली वजन आणि कस दोन्ही उतरवले. सेप्टिमियस सेव्हेरसपर्यंत चांदी निम्म्यावर आली, आणि तिसऱ्या शतकातल्या सम्राट गॅलिएनसच्या अखेरच्या काळात पाच टक्क्यांच्याही खाली गेली. म्हणजे तांब्यावर चांदीचा नुसता हात फिरवलेला. त्यानंतरच्या सम्राट प्रोबसची नाणी चेहऱ्यांच्या हौशीसाठी मेजवानी आहेत (शिरस्त्राण, भाला, ढाल, गरुडदंड, डावीकडे तोंड), पण त्यांना चांदीची म्हणायला जीभ अडखळते. ब्रिटनमध्ये 286 ते 293 स्वतंत्र कारभार करणाऱ्या कॅरॉसियसने मात्र पुन्हा खऱ्या चांदीचं नाणं पाडलं. जाड मान, वर उचललेलं नाक, बंदरावरच्या मुकादमाचा चेहरा, आणि मागे रोमन कवी व्हर्जिलच्या ओळींची आठवण देणारा लेख. बंडखोराला सभ्य दिसायची हौस दांडगी होती.

खोटं नाणं कसं ओळखू?

पहिलं म्हणजे विचित्र चेहऱ्याच्या नाण्याला खोट्याची शक्यता जास्त, कारण मागणी तिथेच आहे. ओतीव नकलेत अक्षरांच्या कडा साबणासारख्या गोल होतात, पृष्ठावर बारीक छिद्रं दिसतात आणि कडेला साच्याची रेघ किंवा ती घासल्याच्या खुणा असतात. वजन पाहा: नीरोच्या सुधारणेनंतरच्या शतकभरातलं चांगलं डिनेरियस सव्वातीन ग्रॅमच्या आसपास भरतं. एकाच ठिकाणी तीच खोच असलेली दोन नाणी कुठेही दिसली तर दोन्ही सोडून द्या. ठशाने पाडलेल्या नकला अवघड. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा जर्मनीतला कार्ल विल्हेल्म बेकर ठसे इतके सुरेख कोरायचा की त्याच्या नकलाही आज जमवल्या जातात. नव्या नाण्यांना जुनेपणा यावा म्हणून तो लोखंडाच्या किसाच्या पेटीत ती घालून घोडागाडीखाली बांधायचा आणि फिरायला जायचा, असं सांगतात.

तांब्याच्या गाभ्यावर चांदीचा पत्रा असलेली नाणी मात्र त्या काळातलीच बनावट आहेत. खपली उडून आतलं हिरवट तांबं दिसतं. ती मुद्दाम जमवणारेही आहेत, आणि चेहरा चांगला असेल तर मीही नाही म्हणत नाही.

तुर्कस्तान किंवा इजिप्तच्या सहलीत अवशेषांपाशी पोरं मुठीतून नाणी काढून दाखवतात. हात मागे घ्या. खोटं निघालं तर पैसे गेले, खरं निघालं तर विमानतळावर अटक.

मालकीचे कागद इतके महत्त्वाचे आहेत का?

ब्रूटसच्या त्या तीन सोन्याच्या नाण्यांपैकी एक 2020 साली लंडनच्या लिलावात चाळीस लाख डॉलरच्या वर गेलं. पुढे मालकीचा इतिहास बनावट असल्याचं उघड झालं आणि 2023 मध्ये अमेरिकेतून ते ग्रीसला परत दिलं गेलं. शंभर डॉलरच्या नाण्यालाही हाच नियम. जुन्या लिलावाची पावती, जुनी चिठ्ठी, काही असेल तर जपा आणि नाण्याबरोबरच पुढे द्या.

हा सम्राट कोण, हे ऑनलाइन कुठे तपासू?

अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीचा ‘ओसीआरई’ हा फुकट कोश आहे. लेखातली वाचता येतील तेवढी अक्षरं टाकली तरी यादी आटोपशीर होते. लेखच गेला असेल तर नाक, दाढी आणि मुकुट यांवरून काळ ठरवा. दुसऱ्या शतकातल्या सम्राट हेड्रिअनच्या आधी भरघोस दाढी दिसली तर शंका घ्या.

घरी साफ करू का?

नाही. चिंच, पितांबरी, टूथपेस्ट, लिंबू, काहीही नाही. चांदीवर शतकांनी चढलेला करडा-निळसर थर हीच नाण्याची शोभा, आणि तो गेला की भावही गेला. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात सिलिका जेलची पुडी ठेवा. रबरबँड, वर्तमानपत्र आणि मऊ पीव्हीसीची पाकिटं लांब ठेवा. त्या पाकिटांतून नाण्यावर हिरवा चिकट थर येतो.

भारतात सापडलेल्या रोमन नाण्यांवर कोणाचे चेहरे असतात?

बहुतांश ऑगस्टस आणि टायबेरियस. चांदीची मोठी ठेव दक्षिणेतली, विशेषतः कोइंबतूरच्या परिसरातली. ऑगस्टसचे दोन नातू ढाली घेऊन उभे असलेला प्रकार आणि टायबेरियसची बसलेली स्त्री, हे दोनच प्रकार पुन्हा पुन्हा निघतात. त्यांच्या इथेच बनवलेल्या नकलाही सापडतात. त्यांवर लॅटिन अक्षरांच्या नुसत्या काड्या झाल्या आहेत आणि टायबेरियसचा चेहरा ओळखीचा वाटेनासा झाला आहे. विचित्र चेहऱ्यांच्या शौकिनाने हा प्रकार अवश्य पाहावा.

महाराष्ट्रात रोमन नाणी त्या मानाने कमी. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक सागरी व्यापाराच्या ग्रंथात भडोचला रोमन चांदी-सोन्याचं नाणं फायद्याने बदलून मिळतं असं म्हटलं आहे आणि सोपारा, कल्याण, चौलची नावं आहेत. ती चांदी वितळून क्षत्रपांची नाणी झाली असावीत असं काही अभ्यासक मानतात. क्षत्रप राजा नहपानाच्या द्रम्मांवर, म्हणजे चांदीच्या नाण्यांवर, मोडकी ग्रीक अक्षरं आणि राजाचा चेहरा असतो. नाशिकजवळ जोगळटेंभीला 1906 साली अशी 13,000 हून जास्त नाणी निघाली. त्यांतल्या दोन तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा वरून मारला आहे, म्हणजे कुठे नहपानाच्या गालातून टेकडी उगवली आहे तर कुठे डोळ्यावर उज्जैन चिन्ह (फुलीच्या चारही टोकांना गोल) बसलं आहे. असा ठसा न मारलेल्या नाण्यांवर तर चेहरे तरुणापासून दात पडलेल्या म्हाताऱ्यापर्यंत इतके वेगवेगळे की ते सगळे एकाच माणसाचे आहेत का, असा प्रश्न अभ्यासकांना पडला. रोमन नाण्यांवर इतका खर्च करण्याआधी नाशिकजवळच्या अंजनेरीचं नाणे संग्रहालय आणि मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय जरूर पाहून या.

कायद्याचं काय?

जमिनीत सापडलेलं नाणं आपलं होत नाही. 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काहीही सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. 1972 च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांहून जुनं नाणं खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि अशा वस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो. ग्रेडिंगसाठी, म्हणजे नाण्याचा दर्जा ठरवून घेण्यासाठी, परदेशी कुरिअर करणं हीसुद्धा निर्यातच. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये राहणारे आपले लोक सुट्टीला येताना संग्रह दाखवायला घेऊन येतात. एकदा इथे आलेलं नाणं परत नेणं सोपं नाही, तेव्हा त्यांनी फोटोच आणावेत.

पाकिटावरच्या चिठ्ठीत काय लिहावं?

सम्राट, टांकसाळ, साल, वजन, व्यास, कोणाकडून आणि कधी घेतलं. आणि एक ओळ आपल्या शब्दांत: या चेहऱ्यात काय पाहिलं. माझ्या एका मॅक्सिमायनसच्या चिठ्ठीवर ‘हनुवटी अजून यायची आहे’ एवढंच आहे, आणि कॅटलॉगचा क्रमांक हरवला तरी त्यावरून नाणं ओळखता येईल.